सोमवार पेठेतला जिना

"आक्का, ब्लेड नवं आहे ना गं?" दिगूनं विचारलं आणि मान वर करून डोळे मिटून घेतले.

"नवंच आहे. आता बोलू नकोस."

चाळिशीतल्या भावाची दाढी मी माझ्या स्वयंपाकघरात, त्याला पाटावर बसवून करत होते. दुपारचे तीन वाजले होते. शाळेत मी अर्धी रजा टाकली होती आणि मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं होतं, दाढ दुखते. दिगूचा हात इतका कापत होता, की दाढी तर सोडाच, चहाची कपबशीसुद्धा त्याला दोन्ही हातांनी धरावी लागायची. आणि हा तोच हात, ज्यानं खडूची रेघ न ओढता कोटाचं कापड सरळ कापलं होतं. चावडी चौकातलं 'पतंगे टेलर्स' आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, काढलं आणि दिगूनं नावारूपाला आणलं. कराडात त्या काळी कोणाचं लग्न ठरलं की नवरदेव आधी आमच्या दुकानाची पायरी चढायचा. पुढं पुढं नवरदेव यायचे आणि मास्तर नसायचे. मास्तर कुठं असायचे ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"माप घेताना हलू नका, म्हणून मी जन्मभर लोकांवर खेकसलो," तो गालाला फेस तसाच ठेवून म्हणाला, "आणि आज मीच हलतोय."

"गप्प बस म्हटलं ना."

ह्या गोष्टीला आता बावीस वर्षं होतील. मी ती पुष्कळांना सांगितली आहे. आमच्या ह्यांना, डॉक्टरांना, भावजयीला. आणि दर वेळी चांगली सांगितली आहे. बत्तीस वर्षं मुलींना मराठी शिकवलंय मी. गोष्ट कुठं थांबवायची ते मला कळतं.

त्याच आठवड्यात सोमवारी डॉक्टर आवटींनी दिगूला तपासून बाहेर बसवलं होतं आणि मला आत बोलावलं होतं. म्हणाले, "बाई, लिव्हरनं हात टेकलेत. आणखी दोन-तीन वर्षं असंच चाललं तर माझ्याकडे आणू नका, मी काही करू शकणार नाही. ह्या गोळ्यांनी थरथर थोडी आवरेल. पण दारू काही गोळ्यांनी सुटत नाही." मग त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं. गुरुवार, सहा ते साडेसात, बालवाडी, सोमवार पेठ. "दारू सोडलेली माणसं जमतात तिथं. एकमेकांना धरून राहतात. बोर्ड नाही, फोन नाही, कोणी नाव विचारत नाही. खाली सायकलचं दुकान आहे, तिथं विचारा. तुम्ही फक्त नेऊन बसवा त्याला."

रेखा, म्हणजे दिगूची बायको, दोन पोरांना घेऊन फलटणला माहेरी गेली त्याला पाच महिने झाले होते. जाताना ती भांडली नाही की रडली नाही. मला म्हणाली, "आक्का, मी दार लावून नाही चालले. एक महिना राहू देत त्यांना न पिता. तुम्ही पत्र टाका, मी दुसऱ्या दिवशी येते." तुम्ही टाका म्हणाली. त्याच्या शब्दावर तिचा विश्वास उरला नव्हता. माझ्यावर होता.

आणि दिगू तयार झाला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा माणसांबद्दल लोक फार सहज बोलतात, की त्याचीच इच्छा नव्हती. मंगळवारी सकाळी तो आपल्या पायानं माझ्याकडे आला, दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ही तुझ्याजवळ ठेव. गुरुवारपर्यंत मी इथंच पडतो." दोन रात्री तो आमच्या स्वयंपाकघरात झोपला. झोपला कसला, तळमळला. रात्रीतून तीन-तीन बनियन घामानं भिजायचे. पण थेंबाला शिवला नाही.

आता ह्यात दुसरी एक भानगड होती, ती टाळून चालणार नाही. त्याच महिन्यात माझ्या वृंदाचं उंब्रजच्या खटावकरांकडे जमत आलं होतं. मुलगा बँकेत, घर खातंपितं, माणसं शांत. पाहायला आठजण आले होते. त्यांत मुलाचे थोरले काका नारायणराव होते, कोर्टातून रिटायर झालेले. शर्टाच्या कॉलरला मागून छत्री अडकवायची त्यांची सवय, ती त्यांनी आमच्या दिवाणखान्यातसुद्धा काढली नव्हती. पोहे खाता खाता त्यांनी सहज विचारलं, "मुलीचे मामा काय करतात?" विचारणारच. आमच्यात मामाच मुलीला बोहल्यावर आणतो.

"मुंबईला असतात," मी म्हणाले. "कापडाच्या धंद्यात."

ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चिवड्याची बशी पाहुण्यांच्या पुढं सरकवली. दिगू त्या वेळी पाच मिनिटांच्या अंतरावर, दुकानाच्या फळीवर तोंड उघडं टाकून निजला होता.

तर त्या गुरुवारी पाच वाजता आम्ही घरातून निघालो. दिगूनं स्वतः शिवलेला पांढरा शर्ट घातला होता. मी जरीकाठाची साडी नेसले होते. कशाला नेसले, तर रस्त्यात कोणी भेटलं तर हळदीकुंकवाला चाललेय असं सांगता यावं म्हणून.

"तिथं गेल्यावर बोलायचं काय असतं गं?" दिगूनं विचारलं.

"काही नाही. नुसतं बसायचं. डॉक्टर म्हणाले, वाटलं तर बोलायचं."

"मी बोलणार," तो म्हणाला. "सगळं सांगणार. पहिल्या दिवसापासून. दादांच्या गल्ल्यातून उचलले तेव्हापासून, रेखाच्या अंगावर हात टाकला ते, वृंदाच्या वाढदिवसाला पडलो ते, सगळं. पोटातलं बाहेर आल्याशिवाय सुटायची नाही ती, आक्का. मला कळतंय ते."

"बघू. आधी पोचू तर दे."

कृष्णामाईच्या घाटाशी आलो तशी मी थांबले. तिथून सोमवार पेठ जवळच. मी त्याला पायरीवर बसायला सांगितलं. "तू इथं थांब. मी आधी बघून येते कोण कोण असतं ते. ओळखीचं कोणी निघालं तर तुला अवघडल्यासारखं होईल."

दिगू हसला. त्याचं हसू पुष्कळ दिवसांनी बघत होते. "मला कसलं अवघड? अख्ख्या गावानं मला गटारातून उचललंय, आक्का. कोणी राहिलंय का?"

"तरी बस. आलेच मी."

बसला बिचारा. लहानपणापासून त्याला सवयच होती, मी सांगितलेल्या जागी बसायची.

सायकलचं दुकान सापडायला काहीच वेळ लागला नाही. दुमजली जुनी इमारत, वर खिडक्यांना कागदाची फुलपाखरं चिकटवलेली, खाली दुकान, आणि दुकानाच्या बाजूनं वर जाणारा अरुंद जिना. पन्नाशीचा एक काळासावळा माणूस घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. साडी पाहिली, पर्स पाहिली, चष्मा पाहिला.

"कोण पायजे?"

"कोणी नको. जरा चौकशी होती."

"कसली?"

"इथं गुरुवारी माणसं जमतात म्हणे."

"कसली माणसं?"

दारू हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. वर्गात चाळीस मुलींपुढं मी व्यसनमुक्तीवर निबंध लिहून घ्यायचे, फळ्यावर मुद्दे काढून द्यायचे. पण त्या दुकानापुढं मी नुसता पर्सचा बंद सारखा करत राहिले.

"अशीच," मी म्हणाले. "संध्याकाळची जमतात ती. कुठकुठली असतात? गावातली, का बाहेरची? म्हणजे चांगल्या घरातली येतात का?"

त्यानं ट्यूब पाण्यातून काढली, फडक्यानं पुसली. "नाव काय?"

"कोणाचं?"

"ज्याची चौकशी करताय त्याचं."

"नाव मला कसं माहीत असणार? तेच तर विचारतेय, कोण कोण येतं."

आवाज उतरवून त्यानं विचारलं, "बाई, तुमचं घरचं कोण हाय का त्यात?"

"नाही हो," मी म्हणाले. "आमचं कोणी नाही. ओळखीतल्या एकांनी विचारायला सांगितलं होतं."

"मग त्यास्नी सांगा, हितं काय न्हाई. वर बालवाडी हाय. पोरं सकाळी येत्यात, बाराला जात्यात. चुकीचं सांगितलंय तुमाला कुणीतरी." आणि त्यानं माझ्याकडे पाठ करून ट्यूब कानशीनं घासायला घेतली.

मी मागं वळले. समोर किराणा दुकान होतं, त्याच्या पायरीशी दोन मिनिटं उभी राहिले. मग घाटाकडे चालू लागले.

मला येताना पाहून दिगू उठून उभाच राहिला. शर्टाची कॉलर सारखी केली. "चल," तो म्हणाला.

"नाही सापडलं."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथं तसलं काही नाही. सायकलवाल्याला विचारलं. म्हणतो, कोणीतरी चुकीचं सांगितलंय."

"तू काय विचारलंस त्याला?"

"जे विचारायचं तेच."

दिगू म्हणाला, "थांब, मी विचारतो. तुला नसेल सांगितलं. मी सरळ जाऊन म्हणतो, बाबा रे, मी पितो, मला सोडायचीय, ती माणसं कुठं बसलीत तेवढं दाखव. मला कसली लाज?" आणि तो निघालासुद्धा.

मी त्याचं मनगट धरलं. "नको, दिगू."

"का?"

"डॉक्टरांनीच पेठ चुकीची लिहिली असणार. बुधवार पेठेतपण बालवाडी आहे. आपण तिकडं बघू."

"पण सायकलचं दुकान तर इथं आहे."

"सायकलची दुकानं काय कमी आहेत का गावात? चल, उशीर होईल."

आला माझ्या मागून. मी म्हटलं आणि त्यानं ऐकलं नाही, असं बाटली सोडून दुसऱ्या कशाच्याही बाबतीत कधी झालं नव्हतं.

बुधवार पेठेतल्या बालवाडीत एक बाई फरशी पुसत होती. तिला मी विचारलं, इथं संध्याकाळी काही असतं का? ती म्हणाली, काही नसतं. मग वाचनालयात विचारलं. तिथल्या ग्रंथपालांनी सांगितलं, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा असतो, पण तो बुधवारी. मग तालमीपाशी गेलो. तिथं पैलवान मातीत पाणी मारत होते, त्यांच्याकडे पाहूनच मी परत फिरले. दिगू प्रत्येक ठिकाणी बाहेर उभा राहायचा आणि मी बाहेर आले की माझ्या तोंडाकडे बघायचा. साडेसहा झाले. त्याचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. ओठ कोरडे पडले होते आणि उजवा हात त्यानं डाव्या काखेत दाबून धरला होता.

"आक्का," तो म्हणाला, "परत तिथंच जाऊ या का गं? एकदाच. मी विचारतो."

"सात वाजत आले. संपत आलं असेल."

"साडेसातपर्यंत आहे."

"अर्ध्यातून घुसायचं का लोकांत?"

त्यानं मान हलवली. "बरं. पुढच्या गुरुवारी मग."

"पुढच्या गुरुवारी."

चावडी चौकाच्या कोपऱ्यावर तो थांबला. "तू हो पुढं. मी जरा दुकानात डोकावून येतो. उंदीर फार झालेत, कापड कुरतडतात."

दुकानाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. त्याला ते माहीत होतं आणि मलाही. त्यानं ती मागितली नाही.

"लवकर ये," मी म्हणाले.

शनिवारी दुपारी त्याला दोघांनी हातगाडीवर घालून आणलं. शर्टाचा रंग ओळखू येत नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी विषय काढला नाही. त्यानंही काढला नाही. डॉक्टर आवटींना मी सांगितलं, ती जागा काही सापडली नाही. ते चकितच झाले. "असं कसं, बाई? मी इतक्या जणांना पाठवलंय तिथं. पुढच्या वेळी मीच येतो तुमच्याबरोबर." मी म्हटलं, नक्की सांगते. मग परीक्षा आल्या, मग पेपर तपासणी आली, मग साखरपुडा. माणसाला न जायची कारणं हवी असली की दिवसही हात जोडून मदतीला येतात.

मे महिन्यात वृंदाचं लग्न झालं. पुण्याचा माझा मावसभाऊ अरविंद मामा म्हणून उभा राहिला, तिला बोहल्यावर घेऊन आला. दिगूनं तिच्यासाठी शालूवरचा ब्लाउज शिवला होता. तीन आठवडे लागले त्याला. एक खांदा किंचित उतरला होता. मी दुसरीकडून दुसरा शिवून घेतला. लग्नाच्या आदल्या दिवशी तो मागच्या दारानं आला, वृंदाला ओवाळणी दिली आणि मला म्हणाला, "मी उद्या येत नाही, आक्का. मामा मुंबईला असतो म्हणे." त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. हसून म्हणाला.

आणि ज्यासाठी हा सगळा आटापिटा, ते महिन्याभरात व्याह्यांना कळलंच. गाव ते केवढं. वृंदाचे सासरे एवढंच म्हणाले, "आधी सांगितलं असतंत तरी चाललं असतं हो, विहीणबाई." बाकी कोणी चकार शब्द काढला नाही.

तिसऱ्या वर्षी गणपतीच्या आधी दिगू गेला. त्रेचाळीस वर्षांचा होता. शेवटचे आठ दिवस तो पाण्यासाठी टाहो फोडत होता आणि डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. रेखा पोरांना घेऊन आली. ती वाट बघत होती माझ्या पत्राची, आणि मी पाठवली ती तार.

दिवस झाल्यावर भेटायला उंब्रजहून नारायणराव आले. एकटेच आले. दुकानामागच्या दोन खोल्यांत दिगूचं बिऱ्हाड होतं. आतल्या खोलीत मी आणि रेखा बसलो होतो, पोरं शेजारी गेली होती. नारायणरावांनी चटईवर बसून पाणी घेतलं. मग म्हणाले, "वृंदाच्या आई, एक सांगायचं होतं. सांगायला उशीर झालाय, पण आता सांगतो. मी पिणारा माणूस आहे."

रेखानं पदर सावरला.

"कोर्टात असताना सुरू झाली. पार धुळीला मिळालो होतो. ह्या जानेवारीत चौदा वर्षं झाली, थेंब नाही घेतला. दर गुरुवारी उंब्रजहून एसटीनं इथं येतो. सोमवार पेठेत बालवाडी आहे, वरच्या मजल्यावर. पोरांच्या बुटक्या बाकांवर आम्ही सगळे म्हातारेकोतारे गुडघे पोटाशी घेऊन बसतो. बोलतो, ऐकतो, घरी जातो. मास्तरांचं मला लग्नानंतर कळलं. तेव्हाच यायला पाहिजे होतं मी. पण आमच्यात एक रिवाज आहे, आपण होऊन कोणाच्या दारात जायचं नाही, त्याला वाटलं तर त्यानं यायचं. आणि वर व्याह्यांचं घर पडलं. म्हणून राहिलो. माझं चुकलं ते."

"तुमचं कसलं चुकलं, काका," रेखा म्हणाली. तिचा आवाज रडून रडून बसला होता. "आक्कांनी नेलं होतं त्यांना तिथं. मला सगळं सांगितलंय त्यांनी. त्या सायकलवाल्यानं इथं काही नाही म्हणून परत पाठवलं. मग ह्या दोघांनी सगळं गाव पालथं घातलं. नाही सापडलं."

नारायणरावांनी कपाळावर हात मारून घेतला. "बाबू. तो आमच्यातलाच हो. त्याच्याआधी वर्षभर एक बाई येऊन गेली होती, मुलीकडची. अशीच चांगली नेसून-सवरून आलेली. कोण कोण येतं, कुठल्या घरातले असतात, असं गोड बोलून विचारून गेली. आमच्यातल्या एका पोराचं ठरलेलं लग्न मोडलं त्यानं. दोन वर्षं कोरडा राहिलेला पोरगा, पुन्हा बाटलीला लागला. तेव्हापासून स्थळाच्या चौकशीला आलेलं माणूस बाबू दारातूनच कटवतो. पण 'माझा माणूस पितो' एवढं नुसतं कोणी म्हणू दे, दुकान उघडं टाकून हाताला धरून वर आणतो तो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय विचारलं होतंत त्याला?"

"आता आठवत नाही," मी म्हणाले.

सायकलवाल्यानं पाठ फिरवली ते आणि नंतरची पायपीट मी रेखालासुद्धा सांगितली होती. किराणा दुकानाच्या पायरीशी मी दोन मिनिटं उभी होते, ते कधीच कोणाला सांगितलं नाही. तिथं मी उभी असताना स्टँडकडून एक माणूस चालत आला. शर्टाच्या कॉलरला मागं छत्री अडकवलेली. त्यानं सायकलवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी विचारलं. सायकलवाल्यानं बोटानं वर दाखवलं. नारायणराव चप्पल काढून, हातात घेऊन तो जिना चढून गेले. त्यांच्या मागून आणखी दोघं आले, तेही चढले. वरची खिडकी उघडली, दिवा लागला आणि बाकं सरकवल्याचा आवाज रस्त्यावर ऐकू आला. सहाला पाच मिनिटं कमी होती. मला जागा सापडली होती. दिगू तिथून दोनशे पावलांवर पांढरा शर्ट घालून बसला होता.

मी काय विचार केला, तर हे मला बघतील. दिगू आत जाऊन सगळं सांगणार, पहिल्या दिवसापासून, वृंदाच्या नावासकट. मामा मुंबईला असतात, हे मी त्यांना स्वतः पोहे वाढताना सांगितलं होतं. एवढाच विचार केला. तो जिना चढणारा माणूस दुसऱ्या कोणाचं लग्न मोडायला जात नसतो, हे मला त्या वेळी सुचलं नाही. शाळेत मुली माझ्या हुशारीला घाबरायच्या. हे साधं गणित मला घरी येऊन भात टाकल्यावर सुटलं. सुटलं म्हणून काय केलं? दिगू चौकात कुठं बसला असेल ते मला माहीत होतं, तिथून त्याला उठवून आणता आलं असतं. नाही आणलं. पुढच्या आठवड्यातही गुरुवार होता. तीन वर्षांत दीडशे गुरुवार येतात. लग्न होऊन गेल्यावर तर लपवायला काही उरलंही नव्हतं. पण तेव्हा नेलं असतं तर दिगूनं विचारलं असतं, आक्का, ही तीच जागा ना?

"मनाला लावून घेऊ नका," नारायणराव उठताना मला म्हणाले. "भावासाठी एवढी पायपीट कोण करतं आजकाल? तुम्ही तुमच्याकडून केलंत." त्यांचे डोळे भरले होते. ते गेले.

मीही निघाले. रेखा माझ्या आधी उठली आणि वाकून तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "तुम्ही होतात म्हणून त्यांना कोणी तरी होतं, आक्का," ती म्हणाली. "मी तर सोडून गेले होते."

मी तिला खांद्याला धरून उठवलं. पाया पडणाऱ्या बाईला जे म्हणायचं ते सवयीनं माझ्या ओठांवर आलं, अखंड सौभाग्यवती हो. समोर तिचं पुसलेलं कपाळ होतं. मी तोंड गच्च मिटून घेतलं. तिला वाटलं, मला रडू आवरत नाहीये. तिनं मला खाली बसवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली.